अचानक येणारे संकट आणि गरिबाचा संसार

जबलपूर शहरातून रांझी-खमरियाच्या दिशेने निघाले की वाटेत घमापूर ही जुनी आणि दाट वस्ती लागते. मराठी वाचकाला हे शहर अगदीच परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले व १८१७ पर्यंत राहिले. पुढे इंग्रजी राजवटीत नागपूर आणि जबलपूर दीर्घकाळ एकाच प्रांतात नांदले. १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मधील सैनिकी वाहनांचा कारखाना यांमुळे शहराच्या या बाजूला कामगारवस्ती वाढत गेली. कारखान्यात कायमची नोकरी असलेल्यांच्या शेजारीच रोजंदारीवर बांधकामाला जाणारे, हातगाडी ओढणारे, धुणीभांडी करणारे आणि घरी बसून विड्या वळणारे लोकही राहू लागले.

२२ मे १९९७ च्या मध्यरात्री, एक वाजून गेल्यानंतर थोड्याच वेळात, या शहराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. जबलपूर व आसपासच्या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४० माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे पडली किंवा त्यांना तडे गेले. या भूकंपाची नोंद भूकंपमापक यंत्रांनी केली, वर्तमानपत्रांनी केली आणि शासनानेही केली. परंतु गरिबाच्या घराला हादरे देणारे बहुसंख्य धक्के असे असतात की, त्यांची नोंद कोणतेच यंत्र करीत नाही. कर्त्या पुरुषाचा पाय मोडतो, कारखान्यातील काम बंद पडते, लहान मुलाचा ताप उतरत नाही, पावसाळ्यात भिंत खचते. सुस्थितीतील कुटुंबाला अशी घटना म्हणजे एखाद्या महिन्याची ओढाताण वाटते. गरीब कुटुंबाची दिशाच तीमुळे पालटू शकते. असे का होते, अशा वेळी ही माणसे नेमके काय करतात, आणि त्यांना मदत करायची तर ती केव्हा पोहोचली पाहिजे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

कमी मिळकत आणि बेभरवशाची मिळकत

गरिबी म्हणजे मिळकत कमी असणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. गरिबाची मिळकत कमी तर असतेच. त्याखेरीज ती केव्हा येईल आणि किती येईल याचाही भरवसा नसतो. कायम नोकरीतील कामगार आजारी पडला, तर त्याला रजा मिळते, पगार चालू राहतो, आणि अगदीच नड आली तर भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलता येते. त्याच गल्लीतील रोजंदारीचा मजूर आजारी पडला, तर त्या दिवसापासूनच मिळकत थांबते आणि त्याच दिवसापासून औषधाचा खर्च सुरू होतो. एकाच कारणाने जमेची बाजू आटते आणि खर्चाची बाजू फुगते. या दुहेरी मारामुळेच आजारपण हे गरिबाचे सर्वांत मोठे आर्थिक संकट ठरते. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश तसेच आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील काही प्रदेशांत हजारो कुटुंबांची चौकशी केली. बरी परिस्थिती असलेली कुटुंबे गरिबीत का घसरली, या प्रश्नाच्या उत्तरात आजारपण आणि त्यावरील खर्च हे कारण वारंवार पुढे आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावाचा आशयच असा आहे की, गरिबी एका आजारपणाच्या अंतरावर उभी असते.

संकटापूर्वीची तयारी

गरीब माणूस उद्याचा विचार करीत नाही, असे पुष्कळदा बोलले जाते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उद्याचा भरवसा नसल्यामुळेच त्याला उद्याचा विचार अधिक करावा लागतो. फरक इतकाच की, त्याची तरतूद बँकेच्या पुस्तकात दिसत नाही. ती त्याच्या जगण्याच्या रीतीत मिसळून गेलेली असते.

पहिली तरतूद म्हणजे अनेक कामांवर विसंबणे. घरचा पुरुष बांधकामावर, बाई विड्या वळते, मोठा मुलगा दुकानात, म्हातारी शेजारणींची मुले सांभाळते. यांपैकी कोणत्याच कामात कोणी विशेष पारंगत होत नाही आणि मिळकतही फारशी वाढत नाही. पण एक झरा आटला तरी दुसरा चालू राहतो. जबलपूर व एकंदर महाकोशल हा तेंदूपानांच्या जंगलांजवळचा प्रदेश असल्यामुळे विडी वळणे हा येथील घरगुती उद्योग आहे. सट्टेदाराकडून पाने व तंबाखू घ्यायची, विड्या वळून द्यायच्या, आणि हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची, अशी त्याची पद्धत. मजुरी तुटपुंजी असते, वाईट ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा वळणाऱ्यावर पडतो, आणि तंबाखूच्या धुळीने प्रकृती बिघडते. तरीही घर न सोडता, मुलांकडे पाहत, हवे तेव्हा करता येणारे काम म्हणून बाया ते टिकवून धरतात. विडी कामगारांसाठी १९६६ आणि १९७६ साली कायदे झाले. पण ज्या बाईचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, तिच्यापर्यंत त्यांचा लाभ पोहोचणे कठीणच असते.

दुसरी तरतूद भिशीची. दहा बायांनी दरमहा प्रत्येकी २०० रुपये जमवले, तर दर महिन्याला एकीच्या हाती २,००० रुपये पडतात. सर्वांची भरपाई अखेर सारखीच होते. पण एरव्ही चिल्लर-चिल्लर करून खर्च झाला असता तो पैसा एकरकमी हाती येतो. चिठ्ठी दुसरीच्या नावाने निघालेली असली, तरी जिच्या घरी अडचण आहे तिला आधी उचल द्यायची, असा समजूतदारपणाही अनेक भिशींत असतो. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांचे वर्षभराचे हिशेब काही संशोधकांनी पंधरा-पंधरा दिवसांनी टिपून ठेवले आणि त्यांवर आधारलेला ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध केला. अत्यंत अल्प मिळकतीचे कुटुंबही बचत, उसनवार, उधारी, भिशी, कर्ज अशी अनेक साधने एकाच वेळी हाताळीत असते, असे त्यातून दिसून आले.

तिसरी तरतूद नातेसंबंधांची. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली दक्षिण भारतातील खेड्यांच्या अभ्यासावरून असे मांडले की, मुली दूरच्या गावी देण्याच्या प्रथेमागे एक आर्थिक शहाणपणही असावे. आपल्याकडे पाऊस नसेल तेव्हा व्याह्यांकडे असण्याचा संभव दूरच्या गावी अधिक असतो. नाते जोडताना कोणी असा हिशेब बोलून दाखवीत नाही. पण अडीनडीला सोयरे धावून येतात, हा अनुभव त्या हिशेबाचाच एक भाग आहे.

संकट आल्यावर: पायऱ्यांचा क्रम

आता उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पू या. घमापूरसारख्या वस्तीत राहणारे, नवरा-बायको, तीन मुले आणि म्हातारी सासू. नवरा बांधकामावर जातो, बायको विड्या वळते. एके दिवशी नवरा परातीवरून पडतो आणि दोन महिने अंथरुणाला खिळतो. हे कुटुंब काय करील?

प्रथम ते खाण्याला हात घालते. दूध बंद होते, डाळ पातळ होते, दोन भाज्यांची एक होते. बाई पहाटे लवकर उठून अधिक विड्या वळू लागते. शेजारच्या काकूंकडून वाटीभर पीठ येते, वाण्याकडे उधारीचे खाते लांबते. दुसऱ्या पायरीवर भिशीची उचल, भावाकडून हातउसने, आणि मग पायांतील चांदीच्या तोरड्या सराफाकडे गहाण. तिसऱ्या पायरीवर सावकाराचे भारी व्याजाचे कर्ज, मोठ्या मुलाची शाळा सुटणे, शिवणयंत्र किंवा हातगाडी विकणे. शेवटी खोली सोडून दुसरीकडे जाणे.

हा क्रम योगायोगाचा नाही. एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दुष्काळग्रस्त कुटुंबांच्या वर्तनावरून १९७५ साली दाखवून दिले की, शेतकरी कुटुंबे आपली उत्पादनाची साधने वाचविण्यासाठी आधी पोटाला चिमटा घेतात. सुदानमधील दारफूर प्रांतात १९८४-८५ च्या दुष्काळात अ‍ॅलेक्स द वाल यांनाही तेच आढळले. लोक रानातील बिया खाऊन, उपाशी राहून दिवस काढीत होते. पण बियाणे व जनावरे शक्यतो विकत नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला हे अविचाराचे वाटेल. त्यांच्या दृष्टीने मात्र आजची भूक सोसता येते, पण पुढच्या हंगामात पेरायलाच काही नसेल तर उरलेले सारे आयुष्य मजुरीचे होते. म्हणजे या पायऱ्यांचे खरे सूत्र असे : जे परत मिळवता येईल ते आधी द्यायचे, जे परत मिळणार नाही ते अखेरपर्यंत धरून ठेवायचे.

आपल्या भाषेनेही हा क्रम शब्दांत जपून ठेवला आहे. 'उसने' म्हणजे जी वस्तू घेतली तीच, तेवढीच परत करायची, वाटीला वाटी. 'हातउसने' म्हणजे थोड्या दिवसांसाठी, बिनव्याजी, केवळ शब्दावर घेतलेले पैसे. 'उधार' दुकानात चालते; तेथे व्याज लावीत नाहीत, पण भावात घासाघीस करता येत नाही. 'कर्ज' म्हटले की व्याज आले, आणि 'गहाण' म्हटले की वस्तूच दुसऱ्याच्या ताब्यात गेली. एकेक शब्द ओलांडताना माणूस ओळखीच्या अंगणातून अनोळखी बाजाराकडे सरकत जातो. शेवटच्या टोकाला काय घडते ते आकड्यांत पाहू. दरमहा शेकडा ५ दराने ५,००० रुपये घेतले, तर महिन्याचे व्याज २५० रुपये, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये होते. वर्षभर व्याज भरूनही मुद्दल तसेच उभे राहते. 'अडला हरी' कोणाचे पाय धरतो ते सर्वांस ठाऊकच आहे.

एकट्याचे संकट आणि सर्वांचे संकट

वर सांगितलेले आधार एका अटीवर टिकून असतात. ज्याने मदत करायची, तो स्वतः त्याच वेळी संकटात नसला पाहिजे. एका घरातील माणूस पडला तर नऊ घरे त्याला हात देऊ शकतात. पण १९९७ च्या भूकंपासारख्या घटनेत शेजाऱ्याच्याही भिंतीला तडा गेलेला असतो. भिशीतील दहाही बायांना त्याच आठवड्यात पैसे हवे असतात. सर्वच जण दागिने विकायला निघाले की सराफ भाव पाडतो. सर्वच जण मजुरी शोधू लागले की मजुरीचा दर उतरतो. दुष्काळी गावात जनावरांचे असेच होते. चारा सर्वांकडेच संपलेला असल्याने बैल मातीमोल जातो, आणि पाऊस पडल्यावर तोच बैल घेताना दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी लागते. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण अशाच एकावर एक येणाऱ्या आपत्तींच्या अनुभवातून आली आहे.

हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर, अकोला आणि महबूबनगर या जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघरच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा ही गावे त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांच्या जगात परिचित झाली. या नोंदींवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये निष्कर्ष काढला की, एखाद्या कुटुंबाची मिळकत घटली तरी त्याचे खाणेपिणे तितक्या प्रमाणात घटत नाही. ते बव्हंशी गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होते. म्हणजे गाव आपल्यातील एकेकाला सावरून धरते. परंतु भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी लाभतो असेही त्यात दिसले, आणि संपूर्ण गावच बुडाले तर गावाला सावरणारे गावात कोणीच नसते.

खटक्याचे चाक

विहिरीवरच्या रहाटाला एक खटका बसविलेला असतो. चाक एका बाजूला फिरते. उलट फिरू लागले की खटका दात्यात अडकतो आणि ते थांबते. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ग्रामीण गरिबीचे वर्णन करताना अशाच खटक्याची उपमा वापरली. फरक एवढाच की, येथे चाक खालच्या दिशेने सहज फिरते आणि वर येताना अडते. डाळ पुन्हा घट्ट करता येते, उधारी फेडता येते. पण विकलेली हातगाडी सहसा परत येत नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा पंधराव्या वर्षी पुन्हा वर्गात जाऊन बसत नाही. पुरेशा अन्नाविना गेलेली मुलाची पहिली दोन वर्षे तर कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. 'कुटुंब निभावते' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या निभावण्याचा भार घरातल्या सर्वांवर सारखा पडत नाही. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातील भाकरी आधी कमी होते. गहाण पडतात ते बहुधा तिचे दागिने. धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी ठेवली जाते ती बहुधा मुलगी. दोन महिन्यांनी नवरा कामावर जाऊ लागला म्हणजे संकट टळले असे शेजारीपाजारी म्हणतील. पण त्याची किंमत कोणाच्या अंगावरून वसूल झाली, हे त्या वाक्यात दिसत नाही.

मदत केव्हा पोहोचावी

महाराष्ट्रातील १९७० ते १९७३ चा दुष्काळ हा या संदर्भात मोठा धडा आहे. लागोपाठ पिके बुडाली, विहिरी आटल्या. शासनाने ठिकठिकाणी रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणारे हात, मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीच्या मनातून पुसल्या गेल्या नाहीत. हाल पुष्कळ झाले, जनावरे मोठ्या संख्येने मेली. तथापि पिकांची नासाडी पाहता जेवढ्या मनुष्यहानीची भीती होती, ती टळली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाविषयी जे विवेचन केले, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. अन्न उपलब्ध असणे पुरेसे नाही. ते मिळविण्याची ऐपत हाती असावी लागते. महाराष्ट्रात ती ऐपत मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती पडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम, हे तिचे तत्त्व होते. शहरातील नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कराच्या रूपाने तिचा बराचसा खर्च उभा राहिला. स्थिर मिळकतीच्या माणसाने बेभरवशाच्या मिळकतीच्या माणसाला कायद्याने दिलेला तो हातच होता. २००५ साली संसदेने केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यामागे हाच अनुभव होता.

पण घमापूर हे खेडे नाही. शहरातील रोजंदारी मजुराला अशी हमी त्या कायद्याने दिली नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ही उणीव सर्व देशाच्या डोळ्यांपुढे आली. मोफत धान्याची योजना जाहीर झाली, परंतु अनेकांची शिधापत्रिका गावी आणि माणूस परमुलखात, अशी अवस्था होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळावी म्हणून रेल्वेमार्गाने चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, थकून रुळांवर झोपी गेलेल्या त्यांच्यापैकी १६ जणांचा मालगाडीखाली अंत झाला. ते शहडोल व उमरिया जिल्ह्यांतले, म्हणजे जबलपूरच्या पलीकडच्याच मुलखातले होते. रोजची मिळकत थांबल्यावर परक्या ठिकाणी उसने देणारे कोणी नसते, वाणी उधार देत नाही, म्हणून माणूस आपल्या माणसांकडे चालू लागतो. तेही संकट निभावण्याचेच एक पाऊल होते.

रुग्णालयातील उपचारांसाठी प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी केंद्राची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिचा उपयोग मोठाच आहे. परंतु आपल्या उदाहरणातील कुटुंबाकडे पुन्हा पाहिले, तर हाड जोडण्याचा खर्च भागला तरी दोन महिन्यांची बुडालेली मजुरी उरतेच, आणि तिसऱ्या पायरीकडे कुटुंबाला ढकलते ती बहुधा तीच.

यावरून मदतीची कसोटी ठरविता येते. किती रक्कम दिली यापेक्षा ती कोणत्या पायरीवर पोहोचली, हे पाहिले पाहिजे. दुसऱ्या पायरीवर मिळालेले थोडके पैसे हातगाडी वाचवितात. हातगाडी विकल्यानंतर आलेली दुप्पट रक्कम कर्जाच्या व्याजात जिरून जाते. गरीब माणसे संकटात हातपाय गाळून बसत नाहीत. त्यांच्याजवळ अनुभवाने सिद्ध झालेली युक्ती आहे, माणसे आहेत, सोसण्याची ताकद आहे. म्हणूनच त्यांच्या निभावून नेण्याचे कौतुक करून थांबणे सोयीचे, पण अन्यायाचे ठरते. कुटुंब तग धरून आहे, एवढे पाहून समाधान मानू नये. त्यासाठी घरातून कोणती वस्तू बाहेर गेली आणि कोणत्या मुलाचे दप्तर खुंटीला अडकले, हेही विचारावे. ते दप्तर खुंटीवर चढण्यापूर्वी जी मदत दारात येते, तीच खरी मदत.